आमदारकीची तयारी आणि घराच्या कागदांवरची सही

सिंहगड रस्ता परिसरातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या विनंतीनुसार नाव दिलेले नाही, पत्रही थोडे संक्षिप्त केले आहे.

"माझे यजमान ४४ वर्षांचे आहेत. आमच्या भागात त्यांचे सिमेंट आणि लोखंडाचे दुकान आहे. गेली बारा-तेरा वर्षे ते एका पक्षाचे काम करतात. गणेश मंडळ, उन्हाळ्यातले टँकर, कोणाच्या दवाखान्याची धावपळ, या सगळ्यांत ते पुढे असतात. महापालिकेचे तिकीट मात्र त्यांना कधी मिळाले नाही. आता पक्षातल्या एका ज्येष्ठांनी '२०२९ च्या विधानसभेची तयारी करा' असे सांगितल्यापासून घरात दुसरा विषय नाही. आमच्या दोघांच्या नावावरच्या फ्लॅटवर कर्ज काढायचे, आत्तापासून 'बांधणी' सुरू करायची आणि दुकान माझ्या धाकट्या दिरांकडे सोपवायचे, असे त्यांनी ठरवले आहे. मी शाळेत शिक्षिका आहे, मुलगी नववीत आहे. बँकेच्या कागदांवर माझी सही लागणार आहे. नाही म्हणाले, तर त्यांच्या आयुष्यातली संधी मी घालवली असे होईल. हो म्हणाले, तर पुढे काय वाढून ठेवले आहे ते मला दिसत नाही. आमदाराचे आयुष्य खरोखर कसे असते?"

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे, म्हणून सहीचे आधी सांगतो. ही सही आज करू नका. यजमानांच्या योग्यतेवर शंका घेऊन मी हे म्हणत नाही, कारण त्यांना मी ओळखत नाही. मी हे म्हणतो ते 'तयारी करा' या दोन शब्दांचा अर्थ एका दैनिकासाठी विधिमंडळाचे वार्तांकन करताना अनेक वर्षे जवळून पाहिला म्हणून. प्रत्येक मतदारसंघात प्रत्येक मोठा पक्ष हे शब्द एकाच वेळी चार-पाच जणांना सांगून ठेवतो. त्यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. कार्यकर्ता तापता ठेवण्याची ती जुनी रीत आहे. तिकीट मिळाले असे केव्हा म्हणावे, तर पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे 'हाच आमचा अधिकृत उमेदवार' असे सांगणारा कागद, हातात पडून तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचला म्हणजे. त्याआधी जागावाटपात ती जागा मित्रपक्षाकडे जाऊ शकते, दुसऱ्या पक्षातून आलेला कोणी ऐन वेळी उमेदवार होऊ शकतो, आणि बारा वर्षे सतरंज्या उचललेला माणूस फॉर्मची वाट पाहत मोबाइलकडे डोळे लावून बसलेला असतो. अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय होत असते, हे सांगायला मात्र त्या घरातली बाईच हवी.

शिवाय २०२९ मध्ये हाच मतदारसंघ असाच असेल, असे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. आजचे मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतले आहेत. घटनेच्या २०२३ मधल्या १०६ व्या दुरुस्तीने विधानसभेच्या एक-तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली आहे, आणि तिची अंमलबजावणी जनगणना व त्यानंतरची पुनर्रचना यांच्याशी जोडलेली आहे. तुमचा मतदारसंघ त्यात सापडला, तर आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे फ्लेक्सवरचा चेहरा एका रात्रीत बदलेल आणि 'सौ.' लावून तुमचेच नाव पुढे येईल. हे मी गमतीने लिहीत असलो, तरी प्रभाग महिलांसाठी राखीव झाल्यावर पुण्यात असे किती वेळा घडले आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल. तेव्हा आमदाराचे आयुष्य कसे असते हा प्रश्न तुम्ही यजमानांपुरता विचारला असला, तरी उत्तर दोघांनी मिळून वाचावे.

आता पैशाचे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात २८८ जागांसाठी ४,१३६ उमेदवार उभे होते, म्हणजे साधारण चौदा जणांमागे एक निवडून आला. यांत अपक्षही पुष्कळ असल्यामुळे मोठ्या पक्षाच्या उमेदवाराची शक्यता याहून बरी असते हे खरे. पण घर गहाण ठेवताना हा आकडा नजरेसमोर असावा. उमेदवाराच्या खर्चाची कायदेशीर मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते, रोजची नोंदवही ठेवावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. योग्य कारणाशिवाय तो दिला नाही, तर तीन वर्षे निवडणूक लढवता येत नाही. सर्वसाधारण जागेवर अनामत रक्कम १० हजार रुपये असते आणि वैध मतांच्या एक-षष्ठांश मतेही मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. हे सगळे नियमांत बसणारे, मोजता येणारे आकडे आहेत. मात्र कायदा हा खर्च मोजतो तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच. तुमचे यजमान ज्याला 'बांधणी' म्हणतात, म्हणजे तीन-चार वर्षांचे वाढदिवस, फ्लेक्स, हळदी-कुंकवाची वाणे, देवदर्शनाच्या बसगाड्या, दहीहंडी, मंडळांच्या वर्गण्या, ती या मोजणीच्या बाहेर राहते. घरे बुडतात ती तिथे. त्या खर्चाला ना मर्यादा असते, ना पावती, आणि तिकीट दुसऱ्याला मिळाले तर त्यातला एक रुपयाही परत येत नाही. घरावरच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो.

तुमच्या पत्रात नसलेली, पण थेट तुमच्याशी संबंधित अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात त्याच्याबरोबर पत्नीची आणि अवलंबून असलेल्या मुलांचीही मालमत्ता लिहावी लागते. तुमचे बँक खाते, तुमच्या ठेवी, तुमचे दागिने किती ग्रॅम आणि किती किमतीचे, माहेरून काही जमीन आली असेल तर ती, तुमच्या नावावरचे कर्ज, तुमच्या उत्पन्नाचा मार्ग, तुमच्या गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतले उत्पन्न, हे सगळे त्यात येते, आणि ते प्रतिज्ञापत्र कोणालाही वाचता येते. शाळेच्या स्टाफरूममध्येही. ही तरतूद चांगली आहे असेच माझे मत आहे. मतदाराला हे कळलेच पाहिजे. पण ज्या स्त्रीची माहिती जाहीर होणार आहे तिला ते आधी माहीत असावे, एवढे तरी घरात पाळले जावे. यजमानांच्या दुकानाबद्दलही थोडे: राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा करार त्यांच्या स्वतःच्या नावावर चालू असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ९-अ कलमाखाली ते अपात्र ठरतात. दुकानातून एखाद्या ठेकेदाराने सिमेंट नेले, ही गोष्ट वेगळी. कागद वकिलांना दाखवून घ्या.

समजा, हे सगळे पार पडले आणि ते निवडून आले. मग काय?

पुण्यातल्या आमदाराची सकाळ साडेसहा-सातला सुरू होते आणि ती त्याची स्वतःची नसते. दिवाणखान्यात लोक येऊन बसलेले असतात. कोणाला शाळाप्रवेशासाठी पत्र हवे असते, कोणाची बदली अडलेली असते, कोणाचे दवाखान्याचे बिल भरमसाट झालेले असते. यांतल्या अनेक कामांना खरे म्हणजे आमदाराची गरज नसते. उदाहरणार्थ, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात असणे, हा २००६ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेला हक्क आहे. पण आपल्याकडे हक्क पत्राशिवाय मिळत नाही असा लोकांचा अनुभव आहे, म्हणून ते पत्र मागायला येतात. दुपारी बैठका, संध्याकाळी उद्घाटने, लग्नसराईत एका मुहूर्तावर चार कार्यालये, आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला की दहाव्याला हजेरी. सांत्वनाला न गेलेला आमदार लोक विसरत नाहीत. मुलीचे कॉलेज, सासूबाईंचे पथ्य, गॅसचा नंबर, हे सगळे तुमच्याकडे येणार. आता तरी वेगळे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. फरक एवढाच की आता रात्री दुकानाचे शटर पडल्यावर तुमचे घर तुमचे असते.

मात्र या धबडग्यात एक गोष्ट हरवते, आणि मला खरे तर त्याच गोष्टीवर लिहायचे आहे. आमदार हा विधानसभेचा सदस्य असतो. कायदे करणे, राज्याचा अर्थसंकल्प तपासून मंजूर करणे आणि सरकारला जाब विचारणे, ही त्याची घटनेने दिलेली कामे आहेत. गल्लीतले गटार, नळाला येणारे पाणी, कचऱ्याची गाडी, हा कारभार महापालिकेचा आहे. पुण्यात मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. नगरसेवकच नसल्यामुळे त्यांची कामेही आमदारांच्या दारात आली आणि दोन पदांतला भेद लोकांच्या मनातून आणखी पुसला गेला. तुमच्या यजमानांना आजवर जे काम मनापासून करताना तुम्ही पाहिले आहे, ते टँकर, दवाखाना आणि मंडळ यांचे, म्हणजे उत्तम नगरसेवकाचे काम आहे. त्यांना आमदार व्हायचे आहे की मोठा नगरसेवक, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला नसावा, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

याचे उदाहरण तुमच्याच परिसरातले घेऊ. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्यालगतच्या गावांत गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पिण्याच्या पाण्यावर संशय गेला. तुमच्या यजमानांनी तेव्हा नक्कीच जार वाटले असतील. आमदाराच्या हातात याहून वेगळी हत्यारे असतात. त्याला तारांकित प्रश्न देता येतो, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. विषय तातडीचा असेल, तर लक्षवेधी सूचना देता येते. उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते. मंत्र्याने 'महिनाभरात कारवाई करू' असे सभागृहात म्हटले, तर ते आश्वासन पुरे झाले की नाही हे पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती असते. खर्चाचा हिशेब तपासायला लोकलेखा समिती असते. या समित्यांमध्ये कॅमेरे नसतात, फ्लेक्सवर लावण्याजोगे काही नसते आणि वाचायला ढीगभर कागद असतात. ज्या आमदारांना मी मनातून मानले, ते बहुतेक या कागदांत रमणारे होते. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका सदस्याला मी अधिवेशनाच्या तिसऱ्या दिवशी विचारले होते, 'प्रश्न कोणकोणते दिलेत?' 'ते पीए बघतात,' असे उत्तर आले. पाच वर्षांनी ते पडले. प्रश्न न दिल्यामुळे पडले असे मात्र नाही, आणि या पेशाची खरी अडचण तीच आहे. सभागृहातले काम मतदाराला दिसत नाही, दहाव्याची हजेरी दिसते.

तरीही त्या कामाची ताकद किती असते, हे तुमच्या पगाराच्या पावतीवर छापलेले असते. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात ना? तो कर १९७५ मध्ये सुरू झाला तो ग्रामीण भागातल्या रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. योजना मांडणारे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात आधी प्रयोग केला, पुढे १९७७ मध्ये राज्याने त्याचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. शहरातल्या शिक्षिकेच्या पगारातून दुष्काळी गावातल्या मजुराची मजुरी उभी करण्याची ही कल्पना एका विधिमंडळ सदस्याच्या डोक्यातून निघाली होती.

अधिवेशने वर्षातून तीन असतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपुरात, आणि नागपूरची प्रथा १९५३ च्या नागपूर करारातून आलेली आहे. पुण्याचा आमदार त्या दिवसांत सोमवारी पहाटे निघतो आणि शुक्रवारी रात्री परततो. मी स्वतः सकाळच्या दख्खनच्या राणीने जात असे. एकेकाळी त्याच गाडीत बाकावर फायली पसरून बसलेले सदस्य दिसत. आता द्रुतगती महामार्ग आणि मागेपुढे गाड्या. मुक्काम आमदार निवासात. तिथली खोलीही मतदारसंघातून आलेल्या माणसांनी भरलेली. सभागृहात आपल्या मनाप्रमाणे मत देता येईल, असे यजमानांना वाटत असेल, तर तेही पूर्ण खरे नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेशाविरुद्ध मतदान केले, तर सदस्यत्व जाऊ शकते. मंत्रिपदाची स्वप्ने तर झाकूनच ठेवावीत. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, म्हणजे महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३. विकासनिधी वर्षाला पाच कोटी रुपयांचा असतो, पण तो आमदाराच्या हाती येत नाही. तो कामे सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. निधी आला म्हणजे घरात पैसा आला असे समजणारे नातेवाईक तुम्हाला भेटतीलच, त्यांना हे सांगायला उपयोगी पडेल.

हा प्रवास किती लांबतो, याचे पुण्यातलेच दाखले पाहा. गिरीश बापट १९८३ मध्ये नगरसेवक झाले, कसब्यातून विधानसभेत १९९५ मध्ये पोहोचले, सलग पाच वेळा निवडून आले आणि मंत्रिपद मिळाले ते २०१४ मध्ये. मुक्ता टिळक चार वेळा नगरसेविका, मग २०१७ मध्ये महापौर आणि २०१९ मध्ये आमदार झाल्या. दोघांचाही पाया महापालिकेत घातला गेला होता. सांगोल्याचे गणपतराव देशमुख एकाच पक्षातून, एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून आले आणि त्यांनाही १९७२ आणि १९९५ मध्ये पराभव पाहावा लागला. गणपतराव एसटीने फिरत, ही गोष्ट आता आख्यायिकेसारखी सांगितली जाते. मला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की पराभवानंतरही त्यांचे राहणीमान आणि काम तसेच चालू राहिले, कारण दोन्ही गोष्टी निकालावर अवलंबून नव्हत्या. कर्जावर उभी केलेली आमदारकी मात्र निकालावरच अवलंबून असते, आणि निकाल लागल्यावर त्या कर्जाची वसुली कुठून करायची हा प्रश्न चांगल्या माणसालाही वाकड्या वाटेला नेतो. माजी आमदाराला निवृत्तिवेतन असते. पडलेल्या उमेदवाराला नसते.

तेव्हा यजमानांशी बोलताना 'मला भीती वाटते' इथून सुरुवात करू नका. ते तुमची समजूत घालतील आणि विषय तिथेच संपेल. त्यांना तीन प्रश्न लिहून आणायला सांगा, जे ते आमदार म्हणून पहिल्या अधिवेशनात सरकारला विचारतील, आणि प्रत्येक प्रश्न कोणत्या खात्याचा हेही सोबत लिहायला सांगा. विधानसभेचे कामकाज विधिमंडळाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते. एखाद्या अधिवेशनाचे चार दिवसांचे कामकाज दोघांनी बसून वाचा. प्रवेशपत्र मिळाले, तर प्रेक्षक गॅलरीत एक पूर्ण दिवस बसून या. तो दिवस त्यांना कंटाळवाणा वाटला, तर त्यांना तिथे जायचे नाही, हे त्यांचे त्यांनाच कळेल. आणि वाचता वाचता ते पेन्सिल घेऊन खुणा करू लागले, तर मग तुम्ही त्यांच्या बाजूने उभ्या राहा, त्यांना महापालिकेपासून सुरुवात करू द्या, आणि खर्च दुकानाच्या नफ्यातून जेवढा निघेल तेवढाच ठेवा. दुकान दिरांकडे द्यायचेच असेल, तर भागीदारीचा लेखी करार करून द्या. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांची प्रकरणे मी न्यायालयाच्या बातम्यांत फार छापली आहेत.

ज्येष्ठांनी सांगितले म्हणून घर पणाला लावायचे असेल, तर त्या ज्येष्ठांना एकदा तुमच्या घरी चहाला बोलवा. तुमच्यासमोर, यजमान बसलेले असताना, शांतपणे विचारा की तिकीट मिळाले नाही, तर या कर्जाच्या हप्त्यांचे पक्ष काय करेल. उत्तर काय येते ते मला कळवा. बँकेचे कागद तोवर कपाटात असू द्या.